जमिनीवर जागा महाग, म्हणून जमिनीखाली : रोमच्या कष्टकऱ्यांच्या भुयारी कबरी

घरात माणूस मरतो त्या दिवशी घराला दोन गोष्टी एकदम पेलाव्या लागतात. एक दुःख आणि दुसरा खर्च. दुःख वाटून घ्यायला शेजारीपाजारी येतात. खर्च वाटून घ्यायला कोण येतो, हे ज्याच्या घरी मयत झाली आहे त्यालाच ठाऊक. म्हणून तर चाळीत आणि वस्तीत मयत फंड निघाले. महिन्याची ठरलेली वर्गणी, वहीत नाव, आणि वेळ आली की सावकारापुढे हात न पसरता अंत्यविधी. ही रीत गिरण्यांच्या काळातली आहे, असे पुष्कळांना वाटते. वाचकहो, जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी रोमजवळच्या एका गावातले गुलाम आणि गोरगरीब हेच करीत होते. त्यांच्या फंडाचे नियम दगडावर कोरलेले सापडले आहेत. आणि त्यानंतर शंभर वर्षांच्या आत रोमच्या कष्टकऱ्यांनी आपल्या मृतांसाठी जमिनीच्या पोटात मैलोगणती जागा खणून काढली. त्या भुयारांना कॅटॅकोम म्हणतात.

या भुयारांबद्दल आपल्या ऐकिवात असते ते असे की, छळाच्या काळात ख्रिस्ती लोक तिथे लपून राहत. सिनेमांनीही तेच दाखवले. पण ते खरे नाही. अंधाऱ्या, जेमतेम हातभर रुंदीच्या, प्रेतांनी भरलेल्या वाटांमध्ये संसार थाटता येत नाही. शिवाय जागा गुप्त नव्हतीच. इ. स. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांना आपल्या कबरस्तानांत जाण्याची बंदी केली आणि पुढच्याच वर्षी रोमचा बिशप सिक्स्टस याला कबरस्तानातच पकडून ठार केले. सरकारला पत्ता ठाऊक होता म्हणूनच हे घडले. माणसे जमिनीखाली गेली ती भीतीने नव्हे, तर भावाने. जमिनीचा भाव त्यांना परवडत नव्हता.

वेशीबाहेरचे मरण

रोमचा जुना कायदा, ज्याला बारा पाट्यांचा कायदा म्हणतात, तो इ. स. पूर्व ४५० च्या सुमाराचा. शहराच्या हद्दीत कोणाला पुरू नये, जाळू नये, असे त्यात सांगितले होते. म्हणून सगळी थडगी वेशीबाहेर, शहरातून निघणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही अंगांना. त्यांतला सर्वांत नावाजलेला रस्ता म्हणजे आपिया मार्ग. रस्त्याकडेची जागा श्रीमंतांनी धरली. येणाऱ्या-जाणाऱ्याने नाव वाचावे म्हणून एकेकाने बुरुजाएवढी थडगी उभारली. सेसिलिया मेटेला या बाईचे गोल थडगे आजही तिथे उभे आहे.

आणि गरीब? एस्क्विलिन टेकडीबाहेर खड्डे होते. प्रेत नेऊन त्यात टाकायचे. १८७० नंतर त्या भागात नव्या वस्तीसाठी खोदकाम झाले, तेव्हा रोदोल्फो लांचानी या संशोधकाला असे सुमारे ७५ खड्डे आढळले. माणसांची हाडे, जनावरांची हाडे आणि शहराचा केरकचरा एकत्र कालवलेला. तिथेच दगडही मिळाले, ज्यांवर सरकारी हुकूम कोरला होता की, या हद्दीत घाण व प्रेते टाकू नयेत. घाण आणि प्रेत एकाच ओळीत! पुढे मेसेनास या धनिकाने त्या जागेवर माती लोटून बगीचा केला. मेल्यावर कोणाला कुठे जागा द्यायची आणि कोणाला नाकारायची, यावरून माणसाची पायरी ठरवण्याची ही रीत आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

पाच आसांची वर्गणी

या खड्ड्याची धास्ती हेच फंडाचे मूळ. एरवी रोमचे सरकार गरिबांच्या संघटनांना भीत असे, पण अंत्यविधीसाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांना महिन्यातून एकदा जमण्याची मुभा होती.

रोमच्या आग्नेयेला लॅनुवियम नावाचे गाव आहे. तिथे १८१६ मध्ये एक शिलालेख सापडला. तो इ. स. १३६ चा. डायना देवी आणि अँटिनोअस यांच्या नावाने स्थापन झालेल्या मंडळाचे नियम त्यात आहेत. प्रवेश फी १०० सेस्टर्स आणि चांगल्या दारूचा एक रांजण. नंतर दरमहा पाच आस. चार आसांचा एक सेस्टर्स होई. हिशेब कळावा म्हणून सांगतो : त्या काळच्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार १२०० सेस्टर्स होता. म्हणजे प्रवेश फी एका महिन्याच्या पगाराएवढी, जडच. पण नंतरची वर्षाची वर्गणी पाच दिवसांच्या कमाईत बसणारी. सभासद मेला की मंडळ ३०० सेस्टर्स देई. त्यातले ५० अंत्ययात्रेत चालणाऱ्या सभासदांना चितेपाशी वाटत. म्हणजे मागे चार माणसे हमखास असत!

नियम वाचताना आपल्याच वस्तीतल्या मंडळाची वही वाचतो आहोत असे वाटते. वर्गणी थकवलेल्याचा हक्क जाई. गावापासून वीस मैलांच्या आत कोणी मेला आणि खबर आली, तर तीन जणांनी जाऊन सगळे उरकायचे. त्यांना प्रत्येकी २० सेस्टर्स वाटखर्च. मंडळाचे जेवण असे, तेही ठरलेले : दोन आसांची भाकरी आणि माणशी चार सुके मासे. जेवणाच्या वेळी तक्रारी काढायच्या नाहीत, त्या सभेत मांडायच्या. कोणी आपली जागा सोडून दुसरीकडे बसून गोंधळ घातला तर चार सेस्टर्स दंड, शिवीगाळ केली तर बारा, आणि अध्यक्षाला उद्धट बोलला तर वीस. आमच्या ओळखीच्या काही मंडळांनी हे दर लागू केले तर शिल्लक चांगली पडेल.

पण दोन नियम असे आहेत की तिथे हसू थांबते. सभासदांत गुलाम असत. गुलाम मेला तरी त्याचा देह मालकाचा. मालकाने आकसाने देह दिला नाही तर? तर मंडळाने त्या माणसाची प्रतिमा करून तिचा अंत्यविधी करावा, असा नियम आहे. देह मालकाने अडवला, पण माणसाचा मान अडवता आला नाही. दुसरा नियम असा की, मृताच्या पैशावर ना मालकाचा दावा, ना सावकाराचा. मृत्युपत्रात नाव असेल तरच. ज्याची जन्मभर दुसऱ्याच्या नावावर नोंद, त्याच्या मरणाचे पैसे मात्र त्याचे स्वतःचे.

राखेला कोनाडा, देहाला सहा फूट

तोवर रोममध्ये बहुतेक दहन करीत. राख एका मडक्यात मावते. म्हणून मोठ्या घराण्यांनी आपल्या नोकर-गुलामांसाठी अर्धवट जमिनीत बांधलेली दालने केली होती. त्यांच्या भिंतींत कबुतरखान्यासारखे कोनाडे असत, म्हणून नावही कबुतरखाना, म्हणजे कोलंबेरियम. सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या चाकरांचे असे दालन १७२६ मध्ये आपिया मार्गावर सापडले. प्रत्येक कोनाड्याखाली लहानशी पाटी, आणि पाटीवर नावाबरोबर कामही लिहिलेले. इतिहासात नाव नसलेल्या माणसांची ही हजेरी आहे.

इ. स. च्या दुसऱ्या शतकात मात्र दहन मागे पडून पुरण्याची चाल वाढत गेली. यात केवळ ख्रिस्ती लोक नव्हते, सगळेच रोमन हळूहळू तिकडे वळले. आणि इथे गरिबाची अडचण झाली. राखेला वीतभर कोनाडा पुरतो, देहाला सहा फूट जागा लागते. दहा लाखांच्या आसपास वस्तीचे शहर, रस्त्याकडेची जमीन श्रीमंतांची, आणि लोक पुरणार कुठे?

उत्तर पायाखालीच होते. रोमभोवतीची जमीन ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाची आहे. त्याला टफ म्हणतात. आपल्या भाजे-कार्ल्याचा कातळ बेसाल्टचा; तो फोडताना छन्नी बोथट होते. टफ कुदळीने कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. शिवाय ज्याची वरची जमीन त्याचाच खालचा भाग, असा कायदा. म्हणजे रस्त्यापासून आत एखादा लहानसा तुकडा मिळाला तरी त्याखाली एकाखाली एक मजले खणता येत. वर शेत, खाली हजारो माणसे. काही ठिकाणी असा तुकडा दानानेही मिळाला. सम्राटाच्या नात्यातल्या डोमिटिला या बाईने आपल्या आश्रितांना जागा दिल्याचे शिलालेख आहेत आणि आपिया मार्गाजवळच्या आर्देआतिना रस्त्यावरचे मोठे भुयार तिच्याच नावाने ओळखले जाते.

पहिली भुयारे ख्रिस्ती लोकांनीच खणली असे पूर्वी धरून चालत. रोममध्ये ज्यू लोकांचीही भुयारे आहेत. त्यांतल्या व्हिला तोर्लोनिया इथल्या भुयारातला कोळसा तपासून लिओनार्ड रुटगर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, ते ख्रिस्ती भुयारांच्या शंभरएक वर्षे आधीचे असावे. अल्पसंख्य गरीब समाजांनी एकमेकांचे पाहून शिकावे यात नवल ते काय!

कुदळ आणि दिवा

हे काम करणाऱ्यांना फॉसोर म्हणत, आपल्या भाषेत खणकरी. दिव्याच्या उजेडात कुदळीने वाट कोरायची, माती टोपल्यांत भरून उभ्या विहिरीसारख्या भोकातून वर ओढायची. तीच भोके पुढे उजेड-वाऱ्याला उपयोगी पडत. वाट जेमतेम एक मीटर रुंद. दोन्ही भिंतींत, आगगाडीच्या डब्यातल्या फळ्यांसारखे, एकावर एक आडवे कोनाडे. एका कोनाड्यात बहुधा एक देह, कधी दोन. पेटी नाही. देह कापडात गुंडाळून ठेवायचा आणि तोंड भाजलेल्या मातीच्या फरशांनी किंवा जमल्यास संगमरवराच्या तुकड्याने चुन्यात बंद करायचे. जागा संपली की वाटेचा तळ आणखी खोल खणायचा आणि खालच्या भिंतीत नवे कोनाडे काढायचे. म्हणून पुष्कळ ठिकाणी सर्वांत वरची कबर सर्वांत जुनी असते. आपण उलटे समजू. डोमिटिलाच्या भुयारात डायोजिनिस नावाच्या एका खणकऱ्याचे चित्र त्याच्या कबरीवर काढलेले होते. त्याच्या हातात त्याचीच हत्यारे, कुदळ आणि दिवा.

स्वस्ताईचे गमक इथेच आहे. वरच्या जमिनीचा चौरस हात विकत घ्यायचा नाही, पेटी नाही, मोठा दगड नाही. उरते ती मजुरी. आणि ही मजुरीही कोणी मनाला येईल तशी लावू नये, अशी व्यवस्था त्या समाजाने केली होती.

मजुरी आणि फरशीची किंमत, बस्स

तिसऱ्या शतकातला म्हणून ओळखला जाणारा एक ख्रिस्ती नियमग्रंथ आहे. त्यात कबरस्तानाविषयी थोडक्यात असे सांगितले आहे : पुरण्यासाठी कोणावर भार टाकू नये, कारण ही जागा गरिबांची आहे, खणणाऱ्याची मजुरी आणि फरशांची किंमत एवढेच घ्यावे, राखणदाराचा खर्च बिशपने सोसावा. म्हणजे जागेची किंमत शून्य. जागा सगळ्यांची, म्हणून ती विकायची नाही. आम्हाला या सबंध इतिहासात ही एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्याच्याकडे तेवढेही नसेल त्याची सोय सामाईक पेटीतून होई. इ. स. १९७ च्या सुमारास टर्टुलियन या लेखकाने लिहून ठेवले आहे की, प्रत्येक जण महिन्यातून एकदा आपल्या ऐपतीप्रमाणे पेटीत टाकतो आणि ते पैसे गरिबांना जेवू घालायला व पुरायला लागतात. लॅनुवियमच्या मंडळात वर्गणी थकली की हक्क गेला. इथे ज्याची ऐपत नाही त्यालाही जागा. फरक लहान दिसतो, पण ज्याच्या घरी कमावता माणूस सहा महिने अंथरुणाला खिळला होता त्याला विचारा.

या कबरस्तानाची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो माणूसही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. इ. स. १९९ च्या सुमारास बिशप झेफिरिनसने ते काम कॅलिस्टस याच्याकडे सोपवले. हा कॅलिस्टस मूळचा गुलाम. पेढीच्या पैशांच्या भानगडीत सापडला, पळाला, पकडला गेला, सार्डिनियाच्या खाणींत सक्तमजुरी भोगून सुटला. हे सगळे त्याच्या कट्टर विरोधकाने लिहिले आहे, तेव्हा त्यातले तिखट-मीठ वगळूनच घ्यावे. पण गुलामी आणि खाण यांत शंका नाही. खाणीत राबलेला माणूस भुयारी कबरस्तानाचा कारभारी झाला, आणि इ. स. २१७ च्या सुमारास तोच रोमचा बिशप झाला. त्याच्या नावाच्या कबरस्तानात तिसऱ्या शतकातले नऊ बिशप पुरलेले आहेत. गंमत अशी की, तो स्वतः तिथे नाही; त्याची कबर दुसऱ्याच रस्त्यावर आहे.

याचा परिणाम काय झाला, ते विरोधकाच्याच तोंडून ऐकावे. इ. स. ३६२ मध्ये सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्माचा वैरी होता, त्याने आपल्या एका पुरोहिताला पत्रात सुनावले की, हे लोक परक्यांना मदत करतात आणि मृतांच्या कबरींची काळजी घेतात, म्हणूनच वाढत आहेत, आपण ते का करीत नाही?

शंख, नाणे, बाहुली

भुयारांतले बहुसंख्य कोनाडे निनावी आहेत. दगडावर नाव कोरायला पैसे लागत, आणि वाचता येणारे तरी घरात किती? मग इतक्या सारख्या दिसणाऱ्या कबरींत आपले माणूस ओळखायचे कसे? तोंड बंद करताना चुना ओला असे. त्या ओल्या चुन्यात घरच्यांनी काहीबाही दाबून ठेवले. एखादा शंख, एक नाणे, काचेच्या भांड्याचा तळ, मातीचा दिवा. लहान मुलाच्या कबरीवर हाडाची बाहुली. अशा वस्तू आजही भिंतींत चिकटलेल्या सापडल्या आहेत. आई दिवा घेऊन वाटेने येई आणि बाहुली दिसली की थांबे. लहान कोनाडे फार आहेत. त्या काळी किती मुले दगावत, हे भिंतीकडे पाहूनच कळते.

सगळे मात्र सारखे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी भुयारातही स्वतंत्र खोल्या खणून घेतल्या, कमानीखाली कबरी बांधल्या, भिंतींवर रंगीत चित्रे काढून घेतली. आज पुस्तकांत छापतात ती चित्रे बहुतेक या खोल्यांतली. कॅमेरा निनावी कोनाड्यांपुढे फारसा थांबत नाही.

खणकरी विकू लागले

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला आणि छळात मारल्या गेलेल्या हुतात्म्यांच्या कबरींना मान आला. त्यांच्या जवळ आपल्याला पुरावे असे प्रत्येकाला वाटू लागले. जिथे मागणी, तिथे भाव! शतकाच्या उत्तरार्धात खणकरी स्वतःच जागा विकू लागले. अमक्याने अमक्या खणकऱ्याकडून जागा घेतली, असे लेख दगडांवर आहेत. कुठे साक्षीदारांची नावे आहेत, कुठे किंमतही आहे. हुतात्म्यांच्या मागची जागा मिळवायला वजन लागे. जी जागा गरिबांची म्हणून विकायची नाही असे ठरले होते, तिची खरेदीखते होऊ लागली, आणि तीही छळ संपून चांगले दिवस आल्यावर. नव्या कबरींसाठी जुन्या भिंती आणि चित्रे फोडली गेली. बिशप डमासस (कार्यकाळ इ. स. ३६६ ते ३८४) याने मात्र लिहून ठेवले की, आपल्यालाही तिथे विसावण्याची इच्छा होती, पण त्या पवित्र माणसांच्या अवशेषांना धक्का लावण्याची भीती वाटली. त्याच्यासारखे मागे सरणारे थोडे.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, इ. स. ४१० च्या गॉथ लोकांच्या लुटीच्या सुमारास, भुयारांत पुरणे थांबत गेले. पुढे हुतात्म्यांचे अवशेष शहरातल्या चर्चमध्ये नेले आणि भुयारे विस्मरणात गेली. ३१ मे १५७८ रोजी सालारिया रस्त्याजवळ बांधकामाची माती खणणाऱ्या मजुरांची कुदळ एका पोकळ जागेत शिरली, तेव्हा जगाला ती पुन्हा दिसली. मजुरांनी बांधलेली वस्तू शोधली तीही मजुरांनीच. नंतर आंतोनियो बोसियोने आयुष्यभर त्यांचा माग काढला आणि एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी याने कॅलिस्टसचे कबरस्तान उजेडात आणले. आजवर रोमभोवती अशी साठाच्या आसपास भुयारे माहीत झाली आहेत. मोजकीच लोकांसाठी उघडी आहेत.

जागेचा प्रश्न मात्र संपलेला नाही. मुंबईच्या अनेक चर्चच्या कबरस्तानांत जागा अपुरी पडते, म्हणून ठरलेल्या मुदतीनंतर कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कोनाड्यावर नावाची पाटी, तोंडाला लहानसा दगड. देश वेगळा, पण युक्ती तीच. आणि जेरुसलेममध्ये तर पुन्हा डोंगरच खणला आहे. हार हामेनुहोत या मोठ्या कबरस्तानाची जमीन संपत आली, तेव्हा डोंगराच्या पोटात बोगदे काढून भिंतींत आडवे कोनाडे केले. यंत्रांनी खणलेले, विजेचे दिवे, वर-खाली जायला लिफ्ट. तिथे सुमारे २२ हजार कबरींची सोय असून पहिला भाग २०१९ मध्ये वापरात आला. इस्राएलमध्ये रहिवाशाच्या साध्या दफनाचा खर्च राष्ट्रीय विमा संस्था देते, त्यामुळे गरिबाच्या घरावर त्याचा भार पडत नाही. जिवंतपणीच आपली जागा निवडून राखून ठेवायची असेल, तर तिची किंमत वेगळी मोजावी लागते.